माईंच्या घरातला दुसरा मुलगा

जेवायला बसल्यावर मी प्रार्थना करतो ती डोळे उघडे ठेवून. हात जोडत नाही, ओठ हलवत नाही. भातातला खडा शोधतोय असं दाखवतो आणि तेवढ्यात मनातल्या मनात देवाचे आभार मानून घेतो. बायकोला वाटतं ही माझी लकब आहे. मिरजेच्या आमच्या चर्चच्या मंडळीत मी पंच आहे, तिथल्या पंगतीतही माझं हेच. कुणी विचारलंच तर हसून म्हणतो, देवाला उघडे डोळेपण चालतात. ही सवय मला कुठं लागली, कुणाच्या घरात, कशाच्या भीतीनं, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. गेल्या श्रावणात धारवाडला जाऊन आलो. त्या प्रवासाबद्दल लिहायला बसलो तर हेच आधी समोर येऊन उभं राहिलं, म्हणून आधी हेच लिहून टाकलं.

मिरज ते अळणावर

मानसीला धारवाडच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. घरात आनंद झाला. माझी मात्र झोप उडाली. हॉस्टेलमध्ये जागा नव्हती, म्हणजे खोली बघायला जायला हवं, आणि खोली बघायला गेलं की एक प्रश्न येतोच. कधी सरळ येतो, कधी आडनावाच्या आडून येतो. आमचं आडनाव जाधव. या आडनावाखाली माणूस पुष्कळ दिवस झाकून राहू शकतो, हे मला चांगलं माहीत आहे. मुलगी झाली तेव्हा बायकोला तिचं नाव सुवार्ता ठेवायचं होतं. मी हट्टानं मानसी ठेवलं. "शाळेत सोपं जाईल," म्हणालो. नाव लिहायला सोपं, असं सगळ्यांना वाटलं.

सकाळच्या गाडीनं निघालो. बेळगाव गेलं, खानापूर गेलं. मानसीनं कानातले इयरफोन काढले आणि विचारलं, "पप्पा, घरमालकांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"काय विचारलं तर?"

"तुम्हाला माहितेय काय ते."

"विचारलं तर बघू."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. लोंढ्यानंतर जंगल सुरू होतं. सागाची पानं धुऊन ठेवल्यासारखी, रुळांच्या कडेनं तांबडं पाणी वाहतंय, दगडांवर हातभर नेचे. आमच्या मिरजेकडून येणाऱ्याला एवढा हिरवा रंग एकदम सोसत नाही. डबा अंधारून येतो आणि लोक आपोआप हळू बोलायला लागतात.

समोरच्या बाकावर एक बाई होत्या, अळणावरला उतरणाऱ्या. त्यांनी फडकं सोडलं आणि आम्हाला न विचारताच हातावर भाकरी ठेवली. आमच्याकडे भाकरी मऊ, मोडून खायची. इकडची पापडासारखी कडक, पातळ, महिनाभर टिकणारी. वर शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा गोळा. मानसीनं मिटक्या मारत खाल्ली. बाई खूश झाल्या आणि मग आलंच ते.

"कुणापैकी हो तुम्ही?"

"मिरजेचे," मी म्हणालो.

"गाव न्हवं हो अण्णा! माणसं विचारली मी. गाव काय, गाडीवर लिहिलंय की."

आजूबाजूचे हसले. मानसीनं तोंड उघडलं. मी उठलोच. "चहा बघतो," म्हणत दाराशी गेलो, आणि गाडी अळणावरला थांबेपर्यंत तिथंच दांडी धरून उभा राहिलो. फलाटाच्या पलीकडे लाकडाचे ओंडके भिजत पडले होते. चहावाला कुठंही दिसत नव्हता. बाई उतरल्या, उतरता उतरता उरलेल्या चटणीची पुडी मानसीच्या ओटीत टाकून गेल्या.

"मी सांगितलं त्यांना," मी जागेवर आल्यावर मानसी म्हणाली.

"काय?"

"ख्रिश्चन आहोत म्हणून. त्या म्हणाल्या, बरं बाई, आमच्या गल्लीत आहेत की, नाताळला करंज्या पाठवतात."

एवढंच झालं होतं. मला मात्र गाडीतला प्रत्येक माणूस आपल्याकडे बघतोय असं धारवाडपर्यंत वाटत राहिलं. त्याच गडबडीत छत्री गाडीत राहिली.

सप्तापूर

धारवाडचा पाऊस कोसळत नाही. बारीक, चिवट, दिवसभर अंगावर बसून राहतो. सप्तापूरच्या गल्ल्यांतून क्लासच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं, वह्या छातीशी धरून चाललेली मुलं. माझ्या वेळी इथं पेरूच्या बागा होत्या. आता बागांच्या जागी खोल्या आहेत आणि प्रत्येक फाटकावर भाड्याच्या पाट्या.

पहिली खोली बघितली, तिथं खिडकी नव्हती. दुसऱ्या ठिकाणी मालकांनी आडनाव विचारलं, मग मूळ गाव, मग कुलदैवत. मी म्हणालो, "खोली जरा लहान वाटते." मग तिच्या एका ओळखीच्या मुलीनं फोनवर पत्ता पाठवला. एक म्हातारी बाई एकट्या राहतात, मराठी आहेत, वरची खोली देतात.

गल्लीच्या तोंडाशीच माझे पाय थांबले. फाटकाचा रंग बदलला होता. पण नारळाची ती दोन झाडं, आणि वर जाणारा बाहेरून चढवलेला जिना! तो जिना मी दोन वर्षं चढलो-उतरलो होतो.

"नको हे," मी म्हणालो. "विद्यापीठ लांब पडेल."

"पप्पा, विद्यापीठाची कमान इथून दिसतेय."

आता इथं मला मागचं सांगायलाच हवं.

बी.एस्सी.ला मी या घरात राहिलो. माझ्याबरोबर मिलिंद नावाचा हुबळीचा मुलगा होता. खाली अण्णा आणि माई. अण्णा कोर्टात वकील. जेवण त्यांच्याच घरी, ताटाभोवती पाणी फिरवून. तसं पाणी फिरवायला मी पहिल्याच दिवशी शिकलो. माझी प्रार्थना मी उघड्या डोळ्यांत नेऊन ठेवली ती तिथं. मिलिंद बौद्ध होता. त्यानंही ते सांगितलं नव्हतं. आम्हा दोघांना एकमेकांचं माहीत होतं आणि त्यावर आम्ही खोलीत हसायचो.

एका दिवाळीच्या आधी माई चादरी धुवायला न्यायला वर आल्या. माझ्या उशीखाली बोटभर लांबीचा लाकडी क्रूस होता, आईनं दिलेला. तो फरशीवर पडला. खोलीत उशा दोन, आणि दोन्ही एकाच बाजूला टाकलेल्या.

"कुणाचं हे?" माईंनी विचारलं.

मी उभा होतो.

"माझं," मिलिंद म्हणाला.

मग माईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुला माहीत होतं काय रे?"

मी म्हणालो, "नाही."

संध्याकाळपर्यंत अण्णांनी त्याची पेटी फाटकाबाहेर ठेवली. तो गेल्यावर माईंनी मला खाली बोलावून बेसनाचा लाडू दिला. "तुझ्यासारख्या चांगल्या घरच्या मुलाला उगाच त्रास," असं म्हणाल्या. मी तो लाडू खाल्ला. आणि पदवी मिळेपर्यंत त्याच खोलीत राहिलो.

त्या फाटकाशी मी आता मुलीला घेऊन उभा होतो.

अण्णांचा सदरा

"कोण ते? आत या की. पावसात काय उभं राहता!" आतून आवाज आला.

माई फार वाकल्या आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा. मी गालांवरून खाली आलेली पांढरी दाढी आणि टक्कल घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी मला ओळखलं नाही. आधी गूळ आणि पाणी आलं. आमच्याकडे पाहुण्याला नुसतं पाणी देतात, इकडे गुळाशिवाय पाणी पुढं करत नाहीत. गुळाचा खडा तोंडात विरघळेना.

"अगबाई, भिजलात की पुरते! छत्री नाही काय?"

"गाडीत विसरले," मानसी म्हणाली. "पप्पा सगळं विसरतात."

"थांबा हं." त्या आत गेल्या आणि एक पांढरा सदरा घेऊन आल्या. "आमच्या ह्यांचा आहे. धुतलेला आहे. बदला आधी, ताप भरेल."

मी नको नको म्हणत राहिलो. शेवटी अण्णांचा सदरा घालून, भिंतीवरच्या अण्णांच्या तसबिरीसमोर बसलो. सदऱ्याला कापराचा वास होता. खांद्यात तो मला बरोबर बसला.

"नाव काय म्हणालात?"

"जाधव. मिरजेहून."

"जाधव," त्या म्हणाल्या आणि क्षणभर चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिल्या. "बरं. आधी जेवून घ्या बघा. खोलीचं मग बोलू. उपाशी माणसाशी व्यवहार करायचा नाही, असं हे म्हणायचे."

त्यांनी पाटावर नाही, टेबलावर वाढलं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं तेलात डुंबणारं, कटाची आमटी, भात. मी सवयीनं भातात बोट घातलं आणि खडा शोधायला लागलो. समोर मानसीनं हात जोडले. डोळे मिटले. आणि घरी म्हणते तशी, मोठ्यानं नाही, पण ऐकू येईल अशी प्रार्थना तिनं म्हटली. या अन्नाबद्दल, ते करणाऱ्या हातांबद्दल, या घराबद्दल आभार. येशूच्या नावानं. आमेन.

माईंच्या हातात आमटीची पळी होती. ती हवेतच राहिली.

मला काय वाटलं ते सांगतो. पोरीचा अभिमान वाटायला हवा होता. मला वाटलं, आता पेटी फाटकाबाहेर. बाहेर पाऊस आहे, छत्री नाही, अंगातला सदराही यांचाच. मी उठायच्या बेतात होतो.

"किरिस्ताव काय तुम्ही?" माईंनी विचारलं.

"हो आजी," मानसी म्हणाली. "मी सांगणारच होते. नंतर कळलं आणि तुम्हाला वाईट वाटलं, असं नको म्हणून. नाही चाललं तर आम्ही दुसरीकडे बघू, काही हरकत नाही. वांगं मात्र संपवून जाईन."

माई हसल्या नाहीत. पळी पातेल्यात ठेवली आणि खुर्चीवर बसल्या. मग बोलायला लागल्या त्या तसबिरीकडे बघत.

"ह्या घरात एक मुलगा होता मा, तुमच्यातलाच. मिलिंद नाव. हसरा होता. खोटं सांगून राहिला म्हणून आम्ही त्याला काढलं. परीक्षा तोंडावर, आणि त्याला दिवाळीच्या दिवसात घालवलं बघ. जाताना तो माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले."

त्यांनी खरोखरच टेबलाखाली पाय मागे घेतले.

"हे होते तोवर काही वाटलं नाही. हे गेल्यावर मात्र रोज दिसतो. वाकलेला. पोळ्या लाटताना दिसतो, देवाला फुलं वाहताना दिसतो. लेकाला सांगितलं तर म्हणतो, आई, किती जुनं ते! जुनं असलं म्हणून काय झालं?" त्यांनी डोळे पुसले. "तू राहा गं. भाडं घेईन हं मी, उपकार करत नाही. अंडं मात्र घरात चालायचं नाही."

"अंडं मी मेसमध्ये खाईन," मानसी म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

मग माई माझ्याकडे वळल्या. "तुमच्यात सगळ्यांची ओळख असते म्हणे एकमेकांची. त्या मुलाचा काही पत्ता लागेल काय? मेल्यावर वर काय सांगू मी?" थोडं थांबून म्हणाल्या, "त्याच्यासंगं दुसरा एक मुलगा होता. चांगला होता. तोपण तुमच्या मिरजेकडचाच, जाधवच की काय. तुमच्या नात्यातला नव्हे ना?"

मानसीनं मान वर केली. मी धारवाडला शिकलो हे तिला माहीत आहे.

हा क्षण मला मिळाला होता. कुणी हिसकावून घेतला नव्हता, कुणी धमकावत नव्हतं. समोर एक थकलेली बाई क्षमा मागायला माणूस शोधत होती आणि माझ्या एका वाक्यानं तिला खरं कळलं असतं. खोलीही हातची गेली नसती, हे मला त्या क्षणीसुद्धा कळत होतं.

मी म्हणालो, "जाधव पुष्कळ आहेत हो तिकडे."

रस्त्यात

बाहेर पडलो तेव्हा सदरा मानसीच्या हाती माईंना परत देऊन मी माझा ओला शर्ट परत चढवला होता. कोपऱ्यावर ती एका दुकानात शिरली आणि काळी छत्री घेऊन आली. माझ्या डोक्यावर धरली.

"पप्पा, तो दुसरा मुलगा तुम्ही होता का?"

"चल," मी म्हणालो, "बस येईल."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. छत्री मात्र माझ्याच बाजूला जास्त कलती धरून ती चालत राहिली.

उपासनेत मी कृपेवर कितीदा बोललो असेन. न मागता, लायकी न बघता मिळते ती कृपा, असं मुलांना शिकवतो. एकदा तर मिलिंदची गोष्टच दृष्टांत म्हणून सांगितली होती. नावं बदलली, गाव बदललं. दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेणारा एक मुलगा. मागच्या बाकावरच्या बायका रडल्या होत्या. तो गप्प राहिलेला मुलगा कोण, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या दुपारी माईंच्या घरात माझ्या मुलीला जी जागा मिळाली ती माझ्या खोट्यावर उभी होती, आणि ती न मागता पदरात पडली होती. घ्यायचं धैर्य होत नव्हतं, नको म्हणायचंही होत नव्हतं.

हुबळी

रात्र लॉजवर काढली. दुसऱ्या दिवशी मानसी विद्यापीठात फीच्या रांगेत उभी राहिली आणि मी तिला सांगितलं, एका मित्राला भेटून येतो. धारवाडहून हुबळीला आता बसला स्वतःचा वेगळा रस्ता आहे, गार डब्यात बसून माणूस झटकन पोचतो. मला तो प्रवास लांबावा असं वाटत होतं. उणकलचं तळं काठोकाठ भरलं होतं. मी पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसलो होतो.

मिलिंदचा पत्ता मला शोधावा लागला नाही. कॉलेजच्या आमच्या वर्गाचा फोनवर एक गट आहे. त्यात तो आहे, मीही आहे. तो रोज सकाळी उगवत्या सूर्याचं चित्र टाकतो. मी कधी उत्तर दिलेलं नाही. त्या सकाळी पहिल्यांदाच लिहिलं, येऊ का? लगेच उत्तर आलं, ये की लेका, विचारतोस काय.

रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी करून तो निवृत्त झालाय. छोटं घर, दारात तुळशीसारखीच जपलेली जास्वंद, आत बुद्धाची मूर्ती आणि नातवंडांचे फोटो. केस सगळे पांढरे, हसणं तेच. बायकोला ओरडून म्हणाला, "अगं, प्रोफेसर आलेत! गिरमिट कर. मिरची सोड तळायला."

चुरमुऱ्यांचं गिरमिट आलं, कांदा-कोथिंबीर पेरलेलं. बाजूला गरम मिरच्या. तो गल्लीतल्या गमती सांगत होता, मी हं हं करत होतो. शेवटी त्याची बायको चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी सगळं एका दमात सांगून टाकलं. मानसी, माईंचं घर, प्रार्थना, माई काय म्हणाल्या, मी काय म्हणालो.

तो ऐकत होता. मग एकदम खो खो हसला.

"म्हणजे म्हातारी इतकी वर्षं मला ख्रिश्चन समजून रडतेय?"

"हो."

"आणि तू काल परत गप्प बसलास?"

"हो."

हसणं थांबलं. त्यानं मिरचीचं देठ मोडून ताटलीच्या कडेला ठेवलं.

"हे बघ जाधवा, क्रूस माझा म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हतं. तुला वाटत असेल, मिलिंदनं माझ्यासाठी केलं. एकाला पकडलं की ती दोघांच्या पेट्या उघडणार हे मला कळलं. माझ्या पेटीत वंदनेचं पुस्तक होतं. मला जावं लागणारच होतं. म्हटलं, एक तरी राहू दे. हिशेब होता तो, दुसरं काही नाही. आणि लपून लपून कंटाळलो होतो रे."

"क्रूस?" मी विचारलं.

"होता पुष्कळ दिवस. घर बदलताना कुठं गेला काय की."

मी मान खाली घातली. क्षमा कर, असं म्हणायला लागलो तर त्यानं हात वर केला.

"मला राग कशाचा आला ते तुला माहीतच नाही. क्रूसाचा नाही आला. ती लोखंडी पेटी आठवते? एका बाजूची कडी तुटलेली. दोघांनी धरायची पेटी ती. मला वाटलं, जिन्यावर येशील. नाही आलास. म्हटलं, अण्णा बघतायत, गल्लीच्या तोंडाशी येईल. तिथं ठेवून बसलो. मग ओढत ओढत स्टँडवर नेली. तिथं दोन बस सोडल्या मी, तू येशील म्हणून." तो थांबला. "नंतर घरी सात माणसांत कसला अभ्यास! केमिस्ट्री राहिली. मग वर्कशॉप. वाईट नाही झालं काही, बघतोस की. पण तू केमिस्ट्री शिकवतोस ना?"

"हो."

"चांगलं शिकवतोस काय?"

खिडकीच्या गजाआड मी त्या संध्याकाळी उभा होतो. त्याला गल्लीच्या तोंडाशी पेटीवर बसलेलं मी बघितलं होतं. हेही मी त्याला सांगितलं. त्यानं आणखी एका मिरचीचं देठ मोडून कडेला ठेवलं.

"क्षमा केली म्हणू का?" शेवटी म्हणाला. "म्हणतो. त्यानं तुझं काम होईल. पण तू मला मनात संत करून ठेवलास, म्हणजे भेटायला यायला नको. तसं करू नको आता. आणि माईला सांग. मी मजेत आहे म्हणून सांग, मी कोण होतो ते सांग, तू कोण ते सांग. तिला आता पाय मागे घ्यायला लावू नको."

त्याची बायको चहा घेऊन आली. त्यानं माझा पेढ्यांचा पुडा उघडला, पहिला पेढा मलाच दिला आणि म्हणाला, "खा. गेल्या वेळचा लाडू आमच्या वाट्याला नव्हता." हसत म्हणाला. मी खाल्ला.

परत

येताना बस सप्तापूरच्या थांब्यावर थांबली. दार उघडलं, काही मुलं उतरली. माईंची गल्ली तिथून हाकेवर. मी दांडी धरून उठलो होतो, हे खरं आहे. मग मनात आलं, मानसीचं सामान अजून यायचंय, म्हातारीला धक्का बसला तर, आधी पाळकसाहेबांना विचारावं. दार बंद झालं. पुढच्या थांब्यावर उतरून मानसीला गाठलं आणि संध्याकाळच्या गाडीनं मिरजेला आलो.

मानसी आता त्या वरच्या खोलीत राहते. फोनवर सांगते, माई तिला आंबोळ्या करून घालतात. रविवारी चर्चहून आली की जिन्याखाली उभ्या राहून विचारतात, "लागला काय गं त्या मुलाचा पत्ता?" मानसी म्हणते, आम्ही शोधतोय, आजी. मला मात्र फोनवर काहीच विचारत नाही. बोलता बोलता थांबते, वाट बघते, आणि मग हवापाण्याचं बोलते.

हे ती वाचेल. कदाचित माईंना वाचून दाखवेल, त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. तसं झालं तर मी सुटेन असं मनात आलं होतं, आणि लिहायला बसण्याचं तेही एक कारण होतं, हे कबूल करतो. पण लिहिलेलं वाचून दाखवणं म्हणजे मी जाऊन सांगणं नव्हे.

मिलिंद कोण होता आणि क्रूस कुणाचा होता, हे माईंच्या समोर बसून माझ्या तोंडानं सांगायचं आहे. मानसीला रस्त्यात न दिलेलं उत्तर द्यायचं आहे. मिलिंदला सांगायचं आहे की मी सांगितलं. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.